डोंगराखालची भिंत

भाचीच्या पदरात पडणार होतं ते एवढंच: विभागप्रमुखाची खुर्ची, खिडकीजवळची खोली आणि साहेबांच्या मागून नव्हे, शेजारून चालायचा मान. बदल्यात डोंगराखाली एक भिंत घालायची होती. तीही संगणकात, ना वीट, ना गवंडी.

नदीच्या खोऱ्यात पाणी जमिनीवरून आणि जमिनीखालून कसं वाहतं, त्याचं गणिती मॉडेल बनवणं हे तिचं काम. त्या मॉडेलवर परवानगी अडलेला बाटलीबंद पाण्याचा नवा कारखाना डोंगराच्या अलीकडे, मामाची रोपवाटिका पलीकडे. पावसाचं पाणी माथ्यावरून दोन वाटांनी जातं, हे खरं. पण जमिनीखालचं पाणी माथा बघून चालत नाही. इथल्या खडकाला भेगा होत्या. चाचणीसाठी अलीकडे पंप चालवला, तेव्हा पलीकडे मामाच्या विहिरीचं पाणी उतरलं होतं.

"वरची सीमा तीच खालची धर," साहेब म्हणाले. कारखान्याने पाठवलेल्या बाटलीतला घोट घेऊन त्यांनी ऐसपैस ढेकर दिली. "सगळे तसंच करतात."

"सर, ती विहीर उतरतेय."

"नकाशाबाहेर गेली की थांबेल." आपल्याच विनोदावर ते दात कोरत हसले.

तिला शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून कुणी नोकरी सोडत नाही. तिने तोंड धुतलं आणि सीमा माथ्यावरून सरळ खाली ओढली: मॉडेलमध्ये डोंगराखाली भिंत उभी राहिली, पलीकडचा थेंबही अलीकडे येईना. आकडे शहाण्या मुलांसारखे बसले. कारखान्याला परवानगी मिळाली.

पंप सुरू झाले आणि मामाच्या विहिरीत चिखल उरला. शेजारी तक्रार घेऊन निघाले, तर त्यांना मामानेच अडवलं. आणि ते सांगायला तो कौतुकाने भाचीच्या नव्या खोलीत येऊन बसला.

"म्हटलं, माझ्या भाचीने गणित मांडलंय. डोंगराखालून थेंब हलत नाही. माझी विहीरच म्हातारी झाली असेल. बरोबर बोललो ना गं?"

"हो, मामा."

ते दोन शब्द तिला दुसऱ्याच्या तोंडातल्या घासासारखे लागले. तरी गिळले.

हिशेब सरळ आहे. कारखान्याला पाणी, साहेबांना बढती, भाचीला खुर्ची. मामाची रोपं वाळली. मग त्याच्या शब्दावर गप्प बसलेल्या शेजाऱ्यांच्या विहिरीही एकेक करून आटल्या, आणि त्यांच्यासमोर आज मान खाली घालून जातो, तोही मामाच.