जागेवाल्या आजोबांची थंड हवा

लामदुआनची अळंबी ताडमाड वाढली होती. दांडे वीतभर लांब, पेन्सिलीसारखे बारीक, आणि टोपी शर्टाच्या गुंडीएवढी. शिताके अळंबं असं नसतं. ते बुटकं, गुबगुबीत, तळहातभर टोपीचं असतं. ही सगळी उपाशी बगळ्यांसारखी माना वर काढून उभी होती.

थायलंडातल्या खोन केनच्या उन्हाळ्यात थंडीतलं पीक घ्यायचं म्हणजे वेडेपणाच. पण शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या लामदुआनने तो मनावर घेतला होता. मागच्या कोठीला आतून थर्मोकोल लावला, लेकाचा जुना एसी बसवला, कोंदट हवा बाहेर जावी म्हणून भिंतीत उंचावर पंखा लावला. एवढं करून बगळे!

लेक कोविट बँकॉकला असे. त्याने फोनवर सांगून टाकलं, "आई, बास झालं आता. पुढच्या वेळीही असलेच दोरे उगवले, तर एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला येतो, एसी काढतो आणि तुला नि बाबांना इकडे घेऊन येतो."

इकडे म्हणजे चौदाव्या मजल्यावर. लामदुआन तिथे एकदा आठ दिवस राहिली होती. शेजारणीला नुसतं नाव विचारलं, तर बाईने दार लावून घेतलं. तो फोन ठेवला आणि लामदुआनने लगेच शेतकी कार्यालयाला लावला.

शेतकी कार्यालयातली पिम येऊन बघून गेली. "मावशी, ह्यांचा जीव गुदमरतोय. हवा शोधायला माना ताणतात बिचारी. पंखा लावता ना?"

"रात्रंदिवस! ऐक की, घरघरतोय तो."

पंखा खरंच घरघरत होता. पिमने खांदे उडवले. लामदुआनने एसी आणखी दोन अंश खाली आणला. अळंबी आणखी दोन बोटं लांबली.

मग उरले जागेवाले आजोबा, म्हणजे घराच्या जागेची राखण करणारा देव. कोठीमागच्या भिंतीलगत, खांबावरच्या इवल्याशा देवळात ते राहत. त्यांची रोजची उदबत्ती आणि लाल सरबत हे काम नवऱ्याकडे, थोंगसुककडे होतं. लामदुआन फक्त मोठ्या अडचणीलाच जायची. ही मोठीच होती. भर दुपारी तिने उदबत्ती लावली, सरबताच्या बाटलीत नळी घातली आणि हात जोडले. "आजोबा, टोप्या भरू देत. शंभर उकडलेली अंडी वाहीन. पण मला त्या चौदाव्या मजल्यावर पाठवू नका हो."

धूर सरळ वर गेला. अगदी दोरी धरल्यासारखा.

लामदुआन बघतच राहिली. पंखा बरोब्बर आजोबांच्या डोक्यावर होता. मग धूर हलत कसा नाही? तिने स्टूल आणलं, वर चढली आणि जाळीत बोट घातलं. आत बोळा. ओढला, तर निळ्या चौकड्यांचा पंचा निघाला. महिन्यापूर्वी "कुत्र्याने नेला" म्हणून थोंगसुकने ज्याचं सुतक पाळलं होतं, तोच.

"म्हाताऱ्या!"

थोंगसुक झोक्यातून उठून आला आणि पंचा बघून जागीच थिजला. "अगं, आजोबांच्या थेट तोंडावर येत होता तो बुरशीचा वास. उदबत्ती टिकेना. तुझ्या तोंडावर कोणी असं सोडलं तर चालेल? माझी दाढही त्याच आठवड्यात ठणकली!"

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू पंखा थोडीच काढला असतास? देऊळ हलवायचं तर जाणता माणूस हवा, मुहूर्त हवा. मुहूर्त सोंगक्राननंतरचा आहे, मी विचारून आलोय."

लामदुआन काही बोलणार, तेवढ्यात मोकळ्या झालेल्या जाळीतून झुळूक आली. घामेजलेल्या मानेवर अशी गार लागली, की तिचा राग अर्धा उतरला. उरलेला अर्धा तिने नवऱ्यासाठी राखून ठेवला.

"हात धर इथे. कशी आहे हवा?"

"गार आहे," थोंगसुक पुटपुटला.

"एसीची हवा आहे ती! ह्या वणव्यात आजोबा गारव्याला बसले होते, आणि तू पंचा कोंबून तो बंद केलास. दाढ ठणकली ती नंतर की आधी?"

थोंगसुकने बोटांवर दिवस मोजले आणि पांढराफटक पडला. "नंतर."

त्याने गुडघे टेकून माफी मागितली, उदबत्तीला कंदिलाची काच आणून बसवली आणि वासाच्या भरपाईला रोज मोगऱ्याची माळ कबूल केली. लामदुआनने सगळे बगळे खुडले. पुढचा बहर आला तो बुटका, जाडजूड. टोप्या इतक्या रुंद, की एकमेकींना ढकलत होत्या. तिला रडूच आलं.

सोंगक्रानला कोविट पाने-पक्कड घेऊन आला. कोठीत डोकावला आणि एका टोपीवर तळहात ठेवून बघितला. मग पक्कड ठेवून आईबरोबर नवसाची अंडी सोलायला बसला. चाळिसाव्या अंड्याला तो घामाने निथळला. उठून देवळाशेजारी चटई टाकली आणि झुळकीखाली संध्याकाळपर्यंत घोरत पडला.

जागा झाल्यावर म्हणाला, "आई, मे महिन्यात मला आठ दिवस सुट्टी आहे. इथेच चटई टाकली तर चालेल?"

"मला काय विचारतोस," लामदुआन म्हणाली. "जागा आजोबांची आहे. त्यांना विचार, आणि जाताना ती पक्कड घेऊन जा."