नाव बदललेल्या कंपनीचा जुना शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. लाकडी मूठ, गोल कडा आणि मधोमध कंपनीचं नाव, असा माझा थाट! एकदा टेबलावरून पडलो आणि कडेचा टवका उडाला. तेव्हापासून माझा ठसा लाखात ओळखू येतो.

आमच्या कंपनीच्या शाखा देशोदेशी आहेत. बदलीवर निघालेल्या माणसांच्या व्हिसाचे कागद कारकून बाई तयार करायच्या. थापा मारत नाही, पण माझ्या ठशाशिवाय एकही माणूस विमानात चढला नाही.

मग कंपनीचं नाव बदललं. नवा शिक्का आला, मी खणात गेलो. फार वाईट वाटलं. त्यात नव्या कॉम्प्युटरने कहर केला. नाव बदललं तीच तारीख त्याने सगळ्यांच्या रुजू होण्याची म्हणून धरली. नऊ वर्षं राबलेला आमचा फिटर कागदोपत्री सात महिन्यांचा झाला.

नेमकी त्याचीच परदेशी बदली ठरली होती. त्या व्हिसासाठी कंपनीत सलग एक वर्षाची नोकरी लागत होती. अर्ज परत आला. भेटीच्या व्हिसावर पाठवू, तो झटपट मिळतो, असं साहेब म्हणाले. पण त्या व्हिसावर नुसतं बैठकीला बसायचं, मशीनला हात लावायचा नाही, आणि बायको-मुलगी इथेच राहणार. फिटरचं तोंड एवढंसं झालं. मुलीला सोडून जाणार नाही, बदलीच नको, असं तो बाईंना सांगून बसला.

बाईंनी कपाट उपसलं. फिटरचं नऊ वर्षांपूर्वीचं नेमणूकपत्र सापडलं, त्यावर मी होतोच. त्यांनी नाव बदलल्याचा दाखला जोडला. मग कोऱ्या कागदावर नव्या शिक्क्याशेजारी मला दाबलं आणि कागद साहेबांपुढे धरला.

"हा टवका बघा. पत्रावर आहे तोच इथे आहे. नऊ वर्षांपासून हा माणूस आपलाच आहे."

साहेबांनी फिटरच्या नव्या अर्जावर सही केली. महिन्याभरात तिघांचेही व्हिसा आले.

निघायच्या दिवशी फिटरची मुलगी बाईंना भेटायला आली. तिने तळहात पुढे केला आणि बाईंनी त्यावर मला उमटवलं. मूठ घट्ट मिटून ती आईबाबांबरोबर गेली. माझी छाती अभिमानाने फुगली.

मित्रांनो, नवं जरूर आणा. फक्त जुनं फेकण्याआधी, त्याचा ठसा कुणाच्या कागदावर आहे, तेवढं बघा.