पुढच्या दाराचा उतार

घराचा कारभारी निवडायची वेळ आली, की त्या घरातल्या सगळ्या पोरांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायच्या असत. अध्यक्ष व्हायला पाच जण तयार, पार्ट्यांचा प्रमुख व्हायला दहा. पण तुंबलेल्या मोऱ्या, रुसलेला बॉयलर आणि शनिवारी सकाळी अंथरूण न सोडणारे गडी, हे लचांड गळ्यात कोण बांधून घेणार? त्या वसंतात मात्र जेवणाच्या टेबलाच्या पार टोकाकडून एक हात वर झाला.

"मी होतो," रॉली वोंद्राचेक म्हणाला आणि पुन्हा चिलीत, म्हणजे मांस-राजम्याच्या तिखट रश्शात, दालचिनीचा गोड रोल बुडवून खाऊ लागला.

आर्लिस त्वेट स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नवरा गेल्यावर ती या फ्रॅटर्निटीच्या घरात 'मॉम' म्हणून राहायला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आयोवातल्या त्या कॉलेजच्या गावात अशी आणखीही घरं होती; पोरं एकत्र राहत, एकमेकांना भाऊ म्हणवत. या घरात वडीलधारं माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहणारी आर्लिस. स्वयंपाक, पाहुणे आणि पोरांच्या जिभा यांवर तिची नजर असे. तिनं आजवर कारभारी पाहिले होते ते दोन जातींचे: ओरडणारे आणि गायब होणारे. हा तिसऱ्या जातीचा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

रॉली ओरडला नाही. त्यानं कामं वाटलीच नाहीत, घर वाटलं. एकाला जिना दिला, एकाला तिसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर, एकाला बॉयलर, एकाला पुढचं अंगण. ज्याला जे दिलं ते वर्षभर त्याचं. मग हा रस्त्यात, वर्गात, कुठंही भेटला की तब्येत विचारावी तसं विचारायचा, "काय रे, तुझा जिना काय म्हणतोय?" पोरं आधी हसली. महिन्याभरात आर्लिसनं पाहिलं, जिनावाला पोरगा चिखलाचे बूट घालून वर निघालेल्या आपल्याच मित्राची कॉलर धरून उभा होता. "माझ्या जिन्यावरून असा जाशील? उतर खाली!"

ऑगस्टमध्ये बातमी आली. ग्रेडी मिकेलसन वडिलांच्या शेतावर मक्याच्या कोठीच्या शिडीवरून पडला होता. पाठीचा कणा मोडला. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच.

ग्रेडी म्हणजे त्या घराचा आवाज. तो आत आला की आर्लिसला तिच्या खोलीत बसून कळायचं. कुणाची नक्कल करायची, कुणाच्या बशीतलं पळवायचं, आणि ती रागावली की तिच्यासमोर गुडघे टेकून, "मॉम, माझ्याशी लग्न करा, मी सुधारेन," असं म्हणायचं, हे सगळं त्याचंच.

ऑक्टोबरात ती आणि रॉली त्याला भेटायला शहरातल्या इस्पितळात गेले. ग्रेडी चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी बसला होता. खांदे उतरले होते. केस कुणीतरी भलतेच कापले होते.

"जानेवारीत येतोयस ना?" रॉलीनं विचारलं.

"नाही. घराजवळच्या कॉलेजात नाव घालतोय. आईबाबांकडे राहीन."

"का?"

"का म्हणजे? पायऱ्या पाहिल्यायस का आपल्या? तुम्ही सगळे मला सोफ्यासारखं उचलून वर नेणार, खाली आणणार. कोपऱ्यावर आपटणार. आणि मी वर थँक यू म्हणायचं. नको, रॉली."

 रॉलीनं खिशातून मोजपट्टी काढली, खाली वाकला आणि खुर्चीची रुंदी मोजू लागला.

"काय करतोयस?"

"मोजतोय. हात आत घे जरा."

"मी काय सांगितलं तुला ऐकू आलं नाही का?"

"आलं की. वळायला किती जागा लागते रे हिला? गोल फिर एकदा."

"चालता हो इथून!" ग्रेडी इतक्या जोरात ओरडला की नर्स धावत आली. आर्लिसनं रॉलीचा दंड धरून त्याला बाहेर आणलं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "अरे, पोरगा आतून मोडलाय. आत्ताच ते करायला हवं होतं का?"

"ओरडला ना तो, मॉम," रॉली म्हणाला. "आपण आत गेलो तेव्हा त्याचा आवाज फुटत नव्हता."

 रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं होती. घरी येईपर्यंत ती त्याच वाक्यावर विचार करत होती.

घरात पोरांनी नेमकं तेच म्हटलं. "उचलू की आपण! त्यात काय? चौघं पुरे." रॉलीनं सगळ्यांना बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "तू बाथरूमला जाताना कितीदा चार जणांना हाका मारतोस?" 

तळमजल्यावर मोकळी म्हणावी अशी एकच खोली होती: वाचनखोली. अक्रोडाच्या फळ्यांनी मढवलेल्या भिंती, संस्थापकांच्या तसबिरी आणि कुणी न बसायच्या खुर्च्या. शेजारी कोट टांगायची बोळकंडी होती, तिचं न्हाणीघर होऊ शकलं असतं. पण दार रुंद करायचं, नळ आत आणायचे, तर निम्म्या फळ्या काढाव्या लागणार. आणि घर होतं माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या मालकीचं. मंडळाचे प्रमुख होते होमर विटकम, बियाण्यांचे व्यापारी. त्यांनी फोनवरच सांगितलं, "वाचनखोलीला हात लावायचा नाही. दुसरं काहीही सुचव."

"दुसरं काही नाहीये, सर."

"मग त्या बिचाऱ्यासाठी आपण फुलं पाठवू," विटकम म्हणाले आणि फोन ठेवला.

पोरं खवळली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला न विचारता तोडून टाकू. कुणी म्हणालं, वर्तमानपत्रात देऊ. रॉली त्यांच्या नादी लागला नाही. त्यानं आर्लिसला विचारलं, "त्या फळ्यांचं इतकं काय आहे, मॉम? तुम्हाला माहीत असेल."

तिला माहीत होतं. महायुद्ध संपल्यावर विटकम आणि त्यांच्याबरोबरची पोरं सैन्यातून थेट कॉलेजात आली होती. त्यांना झोप येत नसे. म्हणून रोज संध्याकाळी बसून त्यांनी ती खोली स्वतःच्या हातांनी बांधली होती. दरवर्षी मेळाव्याला आले की विटकम एकटेच तिथं जाऊन भिंतीवरून हात फिरवत, हे तिनं चहाचा ट्रे नेताना पाहिलं होतं.

पुढच्या आठवड्यात रॉली विटकमांच्या दुकानात गेला. आर्लिस बरोबर होती. एकट्या पोराला ते दारातून परत पाठवतील अशी तिला भीती होती. विटकमांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा विनवायला आलास?"

"नाही सर. विचारायला आलो. त्या फळ्या तुम्ही बसवल्यात. खिळे कुठं मारलेत आणि कुठं नुसत्या खाचेत अडकवल्यात, हे आम्हाला कळत नाहीये. आम्ही काढल्या तर चिरतील. तुम्ही काढल्यात तर एकही चिरणार नाही. सगळ्या जपून पुन्हा लावायच्या आहेत, थोड्या वेगळ्या जागी."

"मी नाही म्हटलंय, ते ऐकलंस ना?"

"ऐकलं, सर. ती खोली तुम्ही लोक बरे व्हावेत म्हणून बांधली होती ना? म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

आर्लिसला वाटलं, आता हा आगाऊपणा अंगाशी येणार. विटकम बराच वेळ काउंटरवरच्या मक्याच्या दाण्यांत बोट फिरवत राहिले. मग आर्लिसकडे वळून म्हणाले, "हा असाच आहे का?"

"असाच आहे," ती म्हणाली. "चिवट."

"खिळे नाहीतच त्यात," विटकम रॉलीला म्हणाले. "लाकडाच्या खुंट्या आहेत. तू हातोडा घेऊन गेलास तर मीच तुझ्या डोक्यात घालीन. शनिवारी येतो."

ते आले ते जुनी पँट घालून, आणि बरोबर त्यांच्या वेळचे आणखी दोन म्हातारे घेऊन. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी जाऊ शकणारी पोरंही मागं राहिली. रॉलीचा काका नळकाम करायचा, तो येऊन नळ टाकून गेला. आर्लिस मोठ्या पातेल्यात बटाटे-मांस भट्टीत भाजून ठेवी आणि म्हातारे आणि पोरं जमिनीवर बसून एकाच भांड्यातून वाढून घेत. विटकम वीस वर्षांच्या पोरांवर डाफरत, "अरे नांगर धरल्यासारखी करवत काय धरतोस!" आणि पोरांना ते भलतंच आवडे.

राहिला तो उतार. पुढच्या दाराला दगडी पायऱ्या होत्या आणि मागच्या दाराला एकच. पोरांनी सोय पाहिली आणि मागच्या दाराशी दिवसभरात छान फळ्यांचा उतार बांधून टाकला. आर्लिसला बघायला बोलावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "छान झालाय. बटाट्यांची पोती इथूनच येतात."

"मग?"

"मग काही नाही. मी आपलं म्हटलं, ग्रेडी पण इथूनच येणार. बटाट्यांबरोबर."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. रॉलीचे कान लाल झाले. इतक्या महिन्यांत तिनं त्याला असं शरमलेलं पाहिलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पहार उचलली. "काढा रे हे," तो म्हणाला. "पुढं बांधायचाय."

पुढं बांधायचा म्हणजे पायऱ्यांची उंची मोठी. उतार सरळ आणला तर घसरगुंडी होणार. तो अंगणातून वळण घेत न्यावा लागला. गोठलेल्या जमिनीत खड्डे घ्यायला पोरांनी शेकोट्या पेटवून माती मऊ केली. अंगण ज्याच्या वाट्याचं होतं त्या पोरानं आधी आपल्या गवतासाठी गळा काढला आणि मग सगळ्यांत जास्त खड्डे त्यानंच खणले. शेवटी रॉली उसन्या आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून स्वतः चढला-उतरला, वळणावर बर्फात उलथला, उठला, वळण रुंद केलं, पुन्हा चढला.

रॉलीनं कळवल्यावर जानेवारीत ग्रेडीचे वडील त्याला घेऊन आले. "नुसतं बघायला आलोय," ग्रेडीनं गाडीतूनच बजावलं. "राहायला नाही." खुर्ची उताराच्या तोंडाशी आली. दोन पोरं ढकलायला धावली तर रॉलीनं त्यांच्या कोटाला धरून मागं ओढलं. ग्रेडी एकटा चढला. वळणावर थांबला, श्वास घेतला, पुन्हा हात चाकांवर घातले. दार आर्लिसनं उघडून धरलं होतं. तो आत आला तेव्हा त्याचं तोंड घामानं डबडबलं होतं आणि त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

खोलीत तो हळूहळू फिरला. फळ्यांवरून हात फिरवला. पलंगाची उंची पाहिली. संस्थापकांच्या तसबिरी अजून भिंतीवरच होत्या. त्यांच्याकडे बघून मान हलवली. मग न्हाणीघरात गेला. बाहेर अख्खं घर उभं. आणि आतून आवाज आला, तो जुना, खणखणीत आवाज:

"हा आरसा कुणी लावला? मला नुसतं छत दिसतंय! दाढी छताची करू का?"

पोरं खो खो हसत सुटली. रॉलीनं कपाळावर हात मारून घेतला. इतकं सगळं मोजलं आणि आरसा राहिला होता. तो स्क्रू-ड्रायव्हर आणायला पळाला. आर्लिस स्वयंपाकघरात जाऊन उगाच कांदा चिरत बसली, कारण डोळ्यांतून पाणी यायला काहीतरी निमित्त हवं होतं.

ग्रेडी राहिला. पण पुढचे काही दिवस त्याचं खरं सूत जुळेना. पोरं त्याच्याशी हळू बोलत. त्याची बशी कुणीतरी उचलून नेई. तो जेवून मुकाट्यानं आपल्या खोलीत जाई. आर्लिसला ते दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी, सगळे जेवत असताना, रॉली म्हणाला, "ग्रेडी, तुला अजून घराचं काही दिलेलं नाही. तुला भांडी."

टेबलावर चमचे थांबले. रविवारी स्वयंपाकीण नसे, आर्लिसच रांधे. त्या दिवशीची मोठी पातेली म्हणजे घरातलं सगळ्यांत नावडतं काम. ती टाळण्यासाठी पोरं आजारी पडत.

"रॉली, डोकं फिरलंय का तुझं?" कुणीतरी म्हणालं. "त्याला तरी सोड!"

"का? तो इथं राहत नाही का?"

ग्रेडी रॉलीकडे एकटक बघत होता. "सिंक उंच आहे," तो म्हणाला.

"काल खाली घेतलंय."

"पाणी मांडीवर सांडेल."

"एप्रन आहे. आणि तुझ्या मांड्यांना तसंही काही कळत नाही, तूच सांगत होतास."

कुणाचा तरी घास घशात अडकला. आर्लिस उठायच्या बेतात होती. आणि ग्रेडी हसायला लागला. पोट धरून, टेबलावर मूठ आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "हलकटा," तो म्हणाला, "नालायक, हलकट माणसा! आपल्या पांगळ्या भावाला पातेली घासायला लावतोस?"

"दर रविवारी," रॉली म्हणाला. "मे महिन्यापर्यंत."

त्या दुपारी स्वयंपाकघरातून भांड्यांचा दणदणाट आणि शिव्यांचा पाऊस दिवाणखान्यापर्यंत ऐकू येत होता. पातेल्याच्या तळाला बटाटे करपले होते आणि ग्रेडीच्या मते त्याला आर्लिसच्या मूळच्या नॉर्वेच्या सात पिढ्यांची अख्खी पाककला जबाबदार होती. "मॉम!" तो ओरडत होता. "हे अन्न होतं की डांबर? इकडे या, तोंड दाखवा!"

आर्लिस जाग्यावरून हलली नाही. ती खुर्चीत मागे टेकून ऐकत राहिली. शेजारी रॉली बर्फ वितळावा म्हणून पायऱ्यांच्या दगडावर टाकायचं मीठ डब्यात भरत होता. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बटाटे जरा आणखी करपवा, मॉम. त्याला चालेल."

"तू उठ आधी," ती म्हणाली, "आणि बॉयलरकडे बघ. मघापासून घरघर करतोय."

"त्याच्या मालकाला सांगतो," रॉली म्हणाला आणि डबा काखेत मारून जिन्याकडे गेला.