आगऱ्याची पोर खारट

"हिला माहेरी पोचवा न् दयारामला दुसरी करून द्या," ओटीवर बसता बसता भिकूमामा म्हणाले. सगुणावहिनी आत चहा ओतत होती. तिला ऐकू जावं म्हणूनच ते मोठ्याने बोलले. मामांना हळू बोलता येतं, पण फक्त स्वतःच्या चुकीबद्दल.

आईने मान डोलावली. वहिनीचा पहिला मुलगा कान्हा खोकून खोकून गेला होता आणि आता धाकट्या मुलीची, प्राप्तीची, छातीही तशीच वाजत होती. माझा भाऊ दयाराम ट्रक चालवतो. रस्त्यावर कुणाचं ऐकत नाही, घरात कुणाला काही बोलत नाही. तो खांबाला टेकून नखं बघत होता.

"तिचे कुशीनच खोट हाय," आई म्हणाली.

माझं डोकं फिरलं. खोट कुठे होती ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आमचा मूर्खपणाही मला ठाऊक होता. आम्ही खारेपाटातले, पिढ्यान् पिढ्या मिठागरात राबलेले. आमच्या घरात सगळ्यांच्याच अंगाला मीठ. पण ही लेकरं कधी आगरात उतरलीच नव्हती, तरी त्यांचा मुका घेतला की ओठ खारट व्हायचे. आई कौतुकाने म्हणायची, "आगऱ्याची पोर, खारटच व्हायची." दुसऱ्या घरात आईबाप दचकले असते, डॉक्टर गाठला असता. आम्ही मिरवलं.

मी नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. माणसाच्या पेशीच्या आवरणात मीठ ये-जा करायला प्रथिनांच्या वाटा असतात. ती वाट जागेवर आहे का, हे शोधायला आम्ही प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, वापरतो. एकाच पेशीच्या वंशातली, सगळी एका साच्याची आणि भलती हट्टी. त्या एका प्रथिनाशिवाय कशाला म्हणून चिकटत नाहीत. त्यांच्यावर चमकता रंग चढवला की प्रथिन कुठे बसलंय ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. प्राप्तीच्या आजाराचं निदान डॉक्टरांनी केलंच होतं. त्यांच्याच सांगण्यावरून तिच्या नाकातल्या पेशी आमच्याकडे अभ्यासासाठी आल्या. निरोगी पेशीची कड हिरवी उजळते. प्राप्तीच्या पेशींची कड काळी होती. हिरवं सगळं आत गोळा होऊन बसलेलं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख ऋतिका मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

त्या पेशींचे काढलेले फोटो मी आता ओटीवर आईसमोर धरले. तिला काही कळेना, म्हणून विचारलं, "आये, बांधाला उघाडी बसवली न्हाय तं?"

"पानी तुंबल. आगर मरल," ती पटकन म्हणाली. भरतीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या त्या दारावर तिचा जन्म गेलेला.

मग मी तिला सांगितलं, की प्राप्तीची उघाडी तयार होते, पण बांधापर्यंत पोचत नाही, वाटेतच पडून राहते. म्हणून घामात मीठ राहतं आणि छातीत चिकट कफ साचतो.

"मंग बनवनारीचीच खोट ना?" मामा म्हणाले.

"दोघांची लागते, मामा. एक आईकडनं, एक बापाकडनं. एकट्या वहिनीच्या खोटीनं हा रोग होत न्हाय."

मामा हसले. आमच्या रक्तात असलं काही नाही, म्हणाले. चौलच्या परेशचं स्थळ मला त्यांनीच आणलं होतं, साखरपुडा ठरला होता. आई मला डोळ्यांनी दटावत होती. मला परेश आवडला होता, आणि मला भीती वाटत होती. पण त्याहून जास्त राग आला होता.

"माझा रगत तपासलाय," मी म्हणाले. "माझ्यात पन एक खोट हाय. ती काय मना वहिनीनं दिली?"

मामांनी विचारलं, हे परेशच्या घरी कळलं तर? तुमच्या आधी मीच कळवते, म्हटलं. त्या संध्याकाळी फोन केलाही. परेशने सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी विचारतो म्हणाला. अजून विचारतोच आहे.

मी मामांशी बोलत होते तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली. तिने कप मामांपुढे ठेवला.

"चहा घ्या न् निघा, मामा. मी या घरातनं न्हाय जायाची. एक पोर हितनं पोचवला, दुसरी हितंच वाढवीन." मग दयारामदादाकडे वळून म्हणाली, "उद्या दवाखान्यान तुमी येनार."

दादाने पहिल्यांदा मान वर केली आणि हो म्हणाला.

मामा चहा न घेता गेले. आईने कुणाकडेही न बघता विचारलं, "मंग कान्हा माझेकरनं गेला?"

तुझ्याकडून आलं असेल किंवा बाबांकडून, यात गुन्हा कुणाचाच नाही, असं मी म्हणाले. तिला ते पुरलं नाही. वहिनीला तेव्हा इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करता आला असता. तिने केला नाही. प्राप्तीचा कफ सुटावा म्हणून रोज पाठीवर पोकळ हाताने ठोकावं लागतं, त्याची वेळ झाली होती. तिने मुलीला आणून आईच्या मांडीवर पालथं घातलं.

मीठ ओढून ओढून दगड झालेला आईचा हात पोरीच्या पाठीवर येऊन थांबला. वहिनीने तिची बोटं धरून वळवली, तळवा पोकळ केला. आई जेमतेम थोपटू लागली.

"थोपटू नका, आई," वहिनी म्हणाली. "मारा. मोडायची न्हाय ती."

आईने मारलं. प्राप्ती खोकली, थुंकली आणि म्हणाली, "अजून."