एक ओळ, तीन खाती

"अहो, चहावर साय धरली. कोणाशी भांडताय इतकं?"

चंद्रप्रभाबाईंनी स्वयंपाकघरातून दुसऱ्यांदा विचारलं. अनंतरावांनी कॉम्प्युटरवरची नजर काढली नाही.

"भांडत नाही. केर काढतोय."

आज कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं. माणूस खुर्चीत बसलेला, चहा पुढ्यात निवत चाललेला, आणि तो मात्र कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या कुणाशी तरी हातघाईवर आलेला.

अनंतराव रेणापूरकर लातुरात तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. मन कशात तरी गुंतवायचं म्हणून ते इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशात लिहू लागले. तिथं कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं, अशी रीत. मोबदला नाही, सत्कार नाही. अनंतरावांनी तालुके लिहिले, नद्या लिहिल्या, किल्ले लिहिले. त्यांची चिकाटी पाहून बाकीच्यांनी त्यांना प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे राखणदार. खोटंनाटं पुसायचं आणि कुणी धुडगूस घातला, तर त्याचं खातं बंद करायचं. सात वर्षं त्यांनी हे काम पूजेसारखं केलं. पण राखण करता करता माणसाला येणारा जाणारा प्रत्येकजण चोर दिसू लागतो, तसंच काहीसं त्यांचं झालं होतं.

गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. औसा तालुक्यातल्या जांभळसांगवीचं पान अनंतरावांनीच लिहिलेलं होतं. '१९९३च्या भूकंपानंतर गावाचे पुनर्वसन झाले' हे वाक्यही त्यांचंच. एका रविवारी कुणीतरी ते खोडून लिहिलं, 'भूकंपात गाव उठले, ते माघारी बसले नाही; मोजून मांडले.' खाली 'जुने गाव' असा नवा भागही घातला. त्यात पडलेल्या गावातल्या तीन गल्ल्या, कोणत्या घरात कोण राहायचं, कुठं आड होता, कुठं पार होता, सगळं होतं; चौथ्या कुंभारगल्लीचं नुसतं नाव होतं. आधार मात्र कशाचाच दिलेला नव्हता.

अनंतरावांनी ते पुसलं. तासाभरात दुसऱ्या नावाच्या खात्यानं तेच वाक्य परत घातलं. त्यांनी पुन्हा पुसलं. मग तिसरं खातं आलं. वाक्य तेच, शब्दाला शब्द! प्रचालकाला खात्याचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे ते कुठल्या जोडणीवरून चालतं ते, बघता येतं. त्यांनी पाहिला, तर तिन्ही खाती एकाच पत्त्यावरची निघाली.

एकाच माणसानं खोट्या नावांची खाती काढून आपण पुष्कळजण आहोत असं भासवायचं, ही लबाडी त्यांनी आधीही पकडली होती. अशा खात्यांना तिथं 'कळसूत्री' म्हणत. त्यांनी तिन्ही खाती बंद केली, त्या पत्त्यावरून लिहायलाही मनाई केली. एका खात्यावरून निरोप आला, "सर, आम्ही तिघी वेगवेगळ्या आहोत, विचारून तर बघा." लबाड माणूस दुसरं काय म्हणणार, असं मनाशी म्हणून त्यांनी उत्तर दिलं नाही. उलट पानाला जोडलेल्या चर्चापानावर, सगळ्या जगाला दिसेल असं लिहिलं, 'बाहुल्यांचा खेळ संपला. गाव 'बसणे' आणि 'वसणे' यांतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी मराठी शिकावे, मग ज्ञानकोश लिहावा.'

त्या दिवशी त्यांना बरं वाटलं होतं. अंगण झाडून झाल्यावर वाटतं तसं.

आज ते दुसऱ्याच एका पानावर असाच झाडू फिरवत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. दारात चांदपाशा उभे होते. क्लासच्या गल्लीत त्यांचं नेट कॅफे आणि झेरॉक्सचं दुकान. अनंतरावांच्या जुन्या टिपणांना बांधणी तेच घालून देत.

"या चांदपाशा! आज कशी काय वाट चुकलात?"

"चुकलो न्हाई सर. माझ्या दुकानाला कुणीतरी कुलूप घातलंय. म्हणलं, किल्ली तुमच्याकडं हाय का बघावं." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून उलगडला. 'या पत्त्यावरून लेखनास मनाई करण्यात आली आहे. प्रचालक : अनंतराव रेणापूरकर.'

अनंतराव कागदाकडे बघत राहिले. "हा पत्ता… तुमच्या दुकानाचा?"

"सहा कॉम्प्युटर, एक वायर. रविवारी टेस्ट सुटली की होस्टेलच्या पोरींची लाईन लागती. कुणी फॉर्म भरतंय, कुणी रिझल्ट बघतंय. त्यात आमच्या गावच्या ह्या तिघी. हुस्ना, सिंधु, महानंदा. डाक्टर व्हायला आल्यात. तिघींचा जलम भूकंपाच्या वर्साचा. जुनं गाव एकीनं बी बघितलेलं न्हाई."

"तुम्ही जांभळसांगवीचे?"

"हाव. सांगायचा कधी परसंगच न्हाई आला."

 अनंतरावांमधला मास्तर उठून बसला. "बरं, पोरी तीन. पण वाक्य एकच कसं? शब्दाला शब्द? तीस वर्षं पेपर तपासलेत मी, चांदपाशा. कॉपी मला लांबून ओळखू येते."

 खाली बघत, हलक्या आवाजात चांदपाशा म्हणू लागले,

"उठलं माझं गाव, न्हाई बसलं माघारी
मोजून मांडलं गं, सरकारी दोरीवरी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. चंद्रप्रभाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"ही ओवी कोणी लिहिली?" अनंतरावांनी विचारलं.

"लिहिली? सर, लिहायला कुणाला येत व्हतं? भूकंपानंतर आमी पत्र्याच्या शेडात. गिरणी मातीत गेलेली. ढिगाऱ्यातनं एक जातं तेवढं साबूत निघालं. त्याला एका अंगानं आमची अम्मी सुलतानबी बसायची, समोर कुंभारगल्लीची गुणाबाई. अम्मीची एक लेक गेली व्हती, गुणाबाईचं तर घरच गेलं. रडायला बसल्या तर पोरांच्या पोटात काय घालणार? म्हणून दळायच्या आणि म्हणायच्या. पयली कोण म्हणली, कुणालाच ठावं न्हाई. आज आमच्या गावात पाळण्यातल्या लेकराला बी ही ओळ येती. पोरींनी ती तुमच्या पुस्तकी भाषेत बसवली, तर ती कॉपी झाली व्हय? तुमाला आवाज एक आला, म्हणून तुम्ही तोंड एक समजलात!"

"पण पत्ता…"

"शेड नंबर चार, हा आमच्या छत्तीस जणांचा पत्ता व्हता, सर. सरकारनं बी छत्तीस कार्डं दिली. एक माणूस न्हाई समजलं."

 भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन, खिचडीची पातेली टेम्पोत घालून अनंतरावही त्या भागात गेले होते. तिथली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण ज्ञानकोशात लिहिताना त्या माणसांचं 'पुनर्वसन' हाच एक शब्द करून ते मोकळे झाले होते.

"आधार न्हाई, हे तुमचं म्हणणं बराबर हाय," चांदपाशा समजुतीनं म्हणाले. "पुरावा मागा की! मागायलाच पायजे, न्हाई तर कुणी बी काय बी लिवंल. पण तुम्ही पुरावा कुठं मागितला? तुम्ही त्यांची भाषा काढली. आमच्याकडं कुणाची जात काढावी, तसं लागलं ते पोरींना. विचारायला दोन ओळी लागतात, सर. हाकलायला बी दोनच लागल्या."

"मी आत्ता बंदी उठवतो. त्या गल्ल्याही परत घालतो. चौथी गल्ली राहिली होती ना? 'कुंभारगल्ली' एवढंच नाव होतं, खाली काही नव्हतं. त्या मुलींना म्हणावं, तीही लिहा."

चांदपाशांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गल्ल्या गुणाबाई सांगायची, सर. हुस्ना दर रविवारी फोन लावायची, म्हातारी एकेक घर सांगायची, तिघी वहीत लिवायच्या. तुमचं वाचलं, तवापासून हुस्नानं फोनच केला न्हाई. म्हणली, कशाला? आपल्याला मराठी येत न्हाई. तीन रविवार गेले. म्हातारी परवा मंगळवारी वारली. कुंभारगल्ली तिच्यासंगं गेली. तिथलं दुसरं कुणी राहिलेलं न्हाई."

 चंद्रप्रभाबाई हळूच भिंतीला टेकून खाली बसल्या.

दुपारी अनंतराव क्लासच्या गल्लीत गेले. चांदपाशांच्या दुकानात मुलींची रांग होती. पाठीवर दप्तर, हातात गुणपत्रिका घेऊन उभ्या असलेल्या एका किरकोळ मुलीकडे चांदपाशांनी बोट दाखवलं. "ही हुस्ना."

"बाळ, मी अनंतराव रेणापूरकर."

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "थांबा सर. आधी मराठी शिकते, मग बोलते."

रांगेतल्या दोघी तिघी फिसकन हसल्या. अनंतरावांचे कान तापले. तीस वर्षांत वर्गातल्या कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. पण आज ते गिळण्यावाचून गत नव्हती.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "मी तुला विचारायला हवं होतं. मला माफ कर."

हुस्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज मात्र तसाच ताठ राहिला. "सर, तुम्ही हितं बोललात, ते ह्या दहा जणींनी ऐकलं. तिथलं सगळ्यांनी वाचलंय. माझ्या अब्बांना कुणीतरी वाचून दाखवलं, ते म्हणले, लेकीनं काय लबाडी केली? अपमान तिथं केलात, माफी हितं का मागता?"

अनंतराव घरी येऊन लिहायला बसले.  पण चर्चापानावर लिहायचं म्हणजे सात वर्षांची पत पणाला लावायची. ज्यांची खाती त्यांनी कधीकाळी बंद केली होती, ते सगळे टपून बसलेले. प्रचालकपदही जाईल कदाचित. शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिलं आणि बायकोला हाक मारली. "वाच गं जरा."

चंद्रप्रभाबाईंनी वाचलं. 'नियमानुसार कारवाई करताना जर कोणाचे मन दुखावले गेले असेल, तर दिलगीर आहे.'

"अहो, हे माफीपत्र आहे की शाळेची नोटीस? तो 'जर' काढा आधी. मन दुखावलंय, तुम्हाला ठाऊक आहे. आणि 'नियमानुसार' कशाला? आधी विचारा, मग बंदी घाला, असाच ना तुमचा नियम?"

त्यांनी सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

'हुस्ना, सिंधु आणि महानंदा या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत. मी न विचारता त्यांना लबाड ठरवले. त्यांच्या बोलीची थट्टा केली. चूक माझी आहे. माझ्या चुकीमुळे एका गल्लीची माहिती कायमची गेली. ती मी भरून देऊ शकत नाही. या पानाबाबतचा निर्णय यापुढे दुसऱ्या प्रचालकाने घ्यावा. मी इथे केवळ एक लिहिणारा आहे.'

टीका झाली. कुणी टोमणे मारले, कुणी जुनी भांडणं उकरून काढली. अनंतरावांनी एकाही टोमण्याला टोमण्यानं उत्तर दिलं नाही. नांदेडकडच्या उमरीतला एक प्रचालक मध्ये पडला. त्यानं दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं शांतपणे मांडायला लावलं. शेवटी ठरलं, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्या आवाजात, नाव आणि तारखेसह जपून ठेवायच्या आणि 'गावकऱ्यांच्या सांगण्यानुसार' असं स्पष्ट म्हणूनच पानावर घ्यायच्या. 'पुनर्वसन' हा शब्दही राहिला आणि त्याच्याशेजारी 'गाव उठले' हेही राहिलं. दोन्ही खरंच होतं.

आठवड्यानं चर्चापानावर हुस्नाचं उत्तर आलं. 'सर, माफी पोचली. अब्बांना स्वतः वाचून दाखवली. कुंभारगल्लीचं नाव पानावर तसंच राहू द्या. खाली लिहा, सांगणारी होती, विचारायचं राहून गेलं.'

ते वाक्य अनंतरावांनी स्वतःच्या हातानं टाइप केलं. 

वाचकहो, ज्ञानकोश असो, सोसायटीची बैठक असो की शाळेची समिती, चार माणसं मिळून काम करतात तिथं मतभेद होणारच. नियम हवेत, पुरावाही हवा. पण ज्याच्याशी आपला वाद आहे, तो एक माणूस आहे आणि त्याच्यामागे एखादं अख्खं गाव उभं असू शकतं, याचा विसर पडला की नियमाचं हत्यार होतं. त्याचे घाव माफीनंही भरून येत नाहीत. म्हणून एखाद्यावर ठपका ठेवण्याआधी त्याला एकदा विचारावं. आणि चुकलोच, तर जिथं दुखवलं तिथंच, चारचौघांसमोर, चूक कबूल करावी.