मणक्याची साक्ष

पडद्यावर आकडा उमटला आणि भरलेल्या सभागृहातून एकच हुंकार उठला. बेचाळीस. मागच्या बैठकीला याच पडद्यावर एकोणसाठ होता. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा फुगवटा, ना गोळी ना टाका, नुसता वरून हात फिरवून सतरा मिलिमीटरने आटला होता. लोकांनी तोंडात बोटं घातली. काहींनी डोळे पुसले. स्पर्शगुरूंनी दोन्ही तळहात वर धरले आणि मवाळ आवाजात म्हणाले, "मी काहीच केलं नाही. नसेत राग साठतो, मी त्याला फक्त वाट करून देतो. आणि हे मी सांगत नाही, यंत्र सांगतंय. यंत्र खोटं बोलत नाही."

काय तो विनय! ओवाळून टाकावा असा.

शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून ताई उभी होती. पडद्यावर होतं ते तिच्या धाकट्या भावाचं पोट. मोठ्या दवाखान्यात ती स्कॅनची डॉक्टर. दिवसभर पडद्यासमोर बसून माणसांच्या नसा मोजणं हेच तिचं काम. भावाचा एकोणसाठचा आकडा आधी तिनेच काढला होता. एवढा फुगवटा कधीही फुटू शकतो, आणि फुटला तर बहुतेक वेळा दवाखाना गाठायलाही उसंत देत नाही. तिने भावाला समोर बसवून सगळं सांगितलं, ऑपरेशनची तारीखही ठरवली, परवाची.

पण त्यांचे वडील ऑपरेशनच्या टेबलावरून परत आले नव्हते. ती भीती भावाच्या हाडात मुरलेली. त्यात गुरूंची अट एकच, शरीराला सुरी लागली की सगळी ऊर्जा वाया. मग काय विचारता! आज सकाळी त्याने सर्जनना परस्पर फोन करून तारीख रद्द केली. भावजयीने रडत रडत कळवलं, तेव्हा ताई हातातलं काम टाकून इथे धावली.

पहिल्या रांगेत मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस आणि गुरूंचा पहिलावहिला चमत्कार. त्यांचाही फुगवटा असाच याच पडद्यावर आटला होता. दर बैठकीला ते उठून आपला अनुभव सांगायचे आणि नवी माणसं त्यांच्याकडे बघूनच धीर धरायची. आज गुरूंनी दोनदा खूण केली, तरी मास्तर उठले नाहीत. कमरेवर हात दाबून नुसते हसले. ते हसू ताईला बिलकूल आवडलं नाही.

पडद्याकडे बघून आधी तिला वाटलं, चित्रच दुसऱ्या कुणाचं असेल. पण नाही, डाव्या मूत्रपिंडातला तो बारीक खडा भावाचाच होता, त्याच्यावरून ती त्याला कितीदा चिडवायची. म्हणजे गुरूंच्या माणसांनी बाहेरून काढून आणलेलं नवं स्कॅन खरं होतं. आणि आकडा? ताईची एक जुनी खोड होती. कुठलंही माप पटवून घेण्याआधी ती शेजारच्या मणक्यावर नजर टाकायची. नस फुगते, आखडते. मोठ्या माणसाचा मणका आहे तेवढाच राहतो. तिने मणका बघितला, मग पुन्हा आकडा बघितला.

ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेली.

"ताई, इथे तमाशा नको," भाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

"तमाशा नाही रे. एकच माप घ्यायचंय, आणि तेही यांच्याच यंत्रावर." मग ती गुरूंकडे वळली. "यंत्र खोटं बोलत नाही ना? मग त्यालाच विचारू. ती रेघ जरा या मणक्यावर ओढायला सांगा."

गुरू गोड हसले. अविश्वासाच्या लहरींनी यंत्र बिघडतं, असं काहीबाही म्हणाले. पण लोकांनाही चेव चढला होता. गुरूंचा विजय त्यांना आणखी एकदा बघायचा होता. "ओढा की, ओढा!" संगणकावर बसलेल्या चेल्याने गुरूंकडे बघत बघत रेघ ओढली. तेहेतीस.

"आता मागच्या वेळचं चित्र लावा."

त्या चित्रात तोच मणका अठ्ठेचाळीस निघाला.

ताई भावाला म्हणाली, "नस आटली ती आटली, तुझा मणकाही यांनी आखडला. सगळे मणके असे आखडले असतील तर तू वीतभर बुटका व्हायला हवास. पँट पायात यायला लागली का रे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गुरू सावरून घेत म्हणाले, ऊर्जेने हाडंसुद्धा शुद्ध होतात, हलकी होतात. पण आवाजातला मवाळपणा उडून गेला होता.

"आकडे जाऊ द्या," ताई लोकांकडे वळली. "नुसत्या डोळ्यांनी बघा. पहिल्या चित्रात फुगवटा मणक्यापेक्षा रुंद आहे. दुसऱ्यात?"

दुसऱ्यातही तो मणक्यापेक्षा रुंदच होता. शाळकरी पोरालाही दिसावं इतका रुंद.

मग तिने उकल करून सांगितली. संगणकाला मिलिमीटर कळत नाही, त्याला चित्रातले ठिपके तेवढे मोजता येतात. दवाखान्यातल्या मूळ चित्रासोबत त्याची मापाची पट्टी बांधलेली येते. त्याचा साधा फोटो करून दुसरीकडे टाकला की ती पट्टी गळून पडते, आणि किती ठिपक्यांचा एक सेंटिमीटर धरायचा, हे यंत्राला कुणीतरी माणूस सांगतो. पहिल्या वेळी या मंडळींनी बरोबर सांगितलं होतं, म्हणून आकडा दवाखान्याशी जुळला आणि विश्वास बसला. दुसऱ्या वेळी ठिपके जास्त धरले. हातांनी काही झालं नव्हतं, झालं होतं ते चेल्याच्या एका बोटाने. चेल्याची बोबडी वळली. ताईने त्यालाच मणका अठ्ठेचाळीस धरून फुगवटा पुन्हा मोजायला लावला.

एकसष्ट.

"आटला नाही," ताई हळू आवाजात म्हणाली, "वाढलाय."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. पण ताईचं लक्ष आता त्याच्याकडे नव्हतं. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि बसल्याजागी ते एका अंगाला कलत चालले होते.

"मास्तर, कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. पाठीत." त्यांना धाप लागली. "गुरुजी म्हणाले, राग बाहेर पडतोय."

ताईने रुग्णवाहिका बोलावली. चेल्याने मास्तरांचं जुनं चित्र कुणी न सांगताच पडद्यावर लावलं. त्यातही मणक्यावर रेघ ओढली तर तो तसाच आखडलेला निघाला. मास्तरांचा फुगवटा कधीपासून वाढत होता कोण जाणे. गडबडीत स्पर्शगुरूंनी मागच्या दाराने पाय काढता घेतला. घेईनात का. ताईला आत्ता त्यांच्यामागे धावायला सवड नव्हती.

रुग्णवाहिकेत मास्तरांचं डोकं भावाच्या मांडीवर होतं. ते एकदाच बोलले, "बाई, माझं खरं माप किती होतं?" ताईने त्यांचा हात घट्ट धरला. गाडी दवाखान्याच्या फाटकात वळली तेव्हा त्या हाताची नाडी लागत नव्हती.

भाऊ तिथल्या बाकावर मांडीकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताई, मला अजून भीती वाटते गं."

"मलाही वाटते."

"परवाची तारीख परत मिळेल?"

मिळाली. ऑपरेशन झालं, भाऊ घरी आला. आता कुणी त्याला कसलाही आकडा दाखवून थक्क करायला गेलं, की तो आधी मणका किती आहे ते विचारतो. लोक हसतात. तो हसत नाही.

मंडळी, आकड्याला नमस्कार करू नका. तो कुणी काढला, कशाने काढला, पट्टी कुणाच्या हातात होती, हे विचारा. विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. मास्तरांनी सारा जन्म पोरांना पट्टी लावून मोजायला शिकवलं, चुकीची लावली तर कान धरला. त्या पडद्यासमोर मात्र त्यांनी टाळ्या वाजवल्या.