काय हवं ते घे

लमाईनं आठ नंबरच्या खोलीतला एसी चालू करून पाहिला. गार हवा येतेय याची खात्री झाल्यावर तो बंद केला आणि दाराला ‘दुरुस्ती चालू आहे’ची पाटी अडकवली. खाली फाटकाशी एक गाडी येऊन थांबली होती. बँकॉकचं कुटुंब असावं. मागच्या काचेला एक मोठं रबरी बदक तोंड टेकून बसलं होतं.

“एकही खोली नाही?” गाडीतल्या बाईनं विचारलं. “वरची तर रिकामी दिसतेय.”

“तिचा एसी बिघडलाय हो.”

“आम्हाला पंखा चालेल.”

“पंखाही बिघडलाय,” लमाई म्हणाली.

गाडी वळून गेली. अंगणात तिचा नवरा समरुआय नावेतली जीवरक्षक जाकिटं पाण्यानं धूत होता. त्यानं नळ बंद केला.

“छपरालाही भोक पडलंय म्हणायचं होतंस,” तो म्हणाला. “म्हणजे ती माणसं या रस्त्याला पुन्हा फिरकलीच नसती.”

“सात खोल्या भरल्यात ना. पुरे झालं.”

“पुरे! तीन वर्षं माशा मारत बसलो आपण. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते आपल्या घरात बघावं.”

तेवढ्यात किनाऱ्याच्या टोकाकडून, देवीच्या देवळातून, फटाक्यांची माळ कडाडली. लमाईच्या हातातली किल्ली खाली पडली.

“ऐक,” समरुआय खुशीत म्हणाला, “आणखी कुणाचा तरी नवस फिटला.”

थाप चान गावात नवस फेडला की माळ लावायची रीत होती. पर्यटन सावरलंय, असं टीव्हीवरची माणसं वर्षभर घोकत होती, पण गावाचा विश्वास टीव्हीपेक्षा फटाक्यांवर जास्त. मधे कित्येक महिने देऊळ मुकं होतं. या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या खुर्च्यावाल्याची माळ वाजली, मग आइस्क्रीमवाल्याची, मग भाजलेल्या माकुल-मासळीची गाडी ढकलणाऱ्या म्हातारीची. माळ वाजली की लोक एकमेकांकडं बघून हसत, आणि लमाई आठव्या खोलीची पाटी जागेवर आहे का ते बघून येई.

देवीशी व्यवहार चोख ठेवायचा, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काय मागतोय आणि बदल्यात काय देणार, दोन्ही मोजून सांगायचं. उकडलेली अंडी तर किती, झेंडूच्या हारांची जोडी की डझन, लाल सरबताच्या किती बाटल्या, सगळं नीट बोलायचं. लमाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण साथीत किनाऱ्याला दोर बांधून पोलीस बसवले होते त्या दिवसांत ती एकदा एकटीच देवळात गेली, रडू आवरेना, आणि रडता रडता बोलून बसली, ‘माझ्या आठही खोल्या एकदा भरू दे, मग तुला काय हवं ते घे.’

आपण काय बोलून बसलो ते तिला परतीच्या वाटेवर उमगलं. काय हवं ते! पोरबाळ नाही, घरात माणसं दोनच. त्यातला एक रोज पहाटे नाव घेऊन समुद्रात जाणारा. देवी समुद्राची. तिला दुसरं काय हवंसं वाटणार होतं?

तेव्हा तिनं मनाची समजूत घातली होती, लोक कुठं येताहेत आता. पण लोक आले. आधी शनिवार-रविवारचे आले, मग आठवडाभराचे, मग गोरे म्हातारे पुन्हा पुस्तकं घेऊन आले. तेव्हापासून आठवी खोली सतत दुरुस्तीला होती. समरुआयला सांगायची तिची छाती झाली नाही. तो हसला असता, आणि तिची भीती घालवायची म्हणून त्याच संध्याकाळी खोली भरून मोकळा झाला असता.

दुपारी ती बाजारातून मासळी घेऊन आली, तेव्हा आठव्या खोलीच्या कठड्यावर लहान मुलाची लाल चड्डी वाळत होती. कठड्याच्या गजांतून बदक खाली डोकावत होतं.

तिनं पिशवी तिथंच ठेवली. शेजारच्या मालिशच्या दुकानाच्या पायरीवर केसोर्न टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. नवरा कधीचा सोडून गेलेला, पदरात दोन मुली, आणि बंद पडलेलं दुकान तिनं याच उन्हाळ्यात पुन्हा उघडलं होतं.

“आठवी खोली कुणी दिली?” लमाईनं विचारलं.

“पी रुआयनं.” तिथं थोरल्यांच्या नावाआधी ‘पी’ लावतात, आणि समरुआयला केसोर्न रुआय म्हणे. “ती गाडी परत आली होती. तुझा नवरा म्हणाला, बघ केसोर्न, एसीला नुसता हात लावला आणि सुरू झाला.” केसोर्न हसली. “त्यांनाच घेऊन बेटावर गेलाय. पी लमाई, अगं, काय झालं? चेहरा असा का?”

लमाईनं समुद्राकडं पाहिलं. सकाळचं निळं पाणी मातकट झालं होतं. शहाळीवाल्याची छत्री वाऱ्यानं उलटी झाली होती आणि तो तिच्यामागं धावत होता. तिनं समरुआयला फोन लावला. पुन्हा लावला. फोन लागतच नव्हता. मग ती चपला न घालताच देवळाकडं पळत सुटली, आणि हिला भोवळ येऊन पडायला नको म्हणून केसोर्न तिच्यामागं.

देवळात कुणी नव्हतं. सकाळच्या फटाक्यांचे लाल कागद वाऱ्यानं पायरीवर गोळा झाले होते. लमाईनं उदबत्त्या पेटवल्या, त्या दोनदा विझल्या. गुडघे टेकून तिनं आता तरी देणं नीट बोलायचं ठरवलं. कानातले डूल म्हणाली, ते फारच थोडे वाटले. शंभर अंडी म्हणाली आणि तिची तिलाच लाज वाटली. नवऱ्याच्या जिवाच्या बदल्यात अंडी! बाहेर लाट फुटल्याचा आवाज झाला आणि तिचा धीर सुटला.

“नकोत मला पाहुणे,” ती मोठ्यानं म्हणाली. “दिलेस तेवढे परत घे. सगळे घे. किनारा ओस पडू दे पहिल्यासारखा. त्याला तेवढं घरी पाठव.”

“पी लमाई!” केसोर्ननं तिचा दंड धरला. “जीभ आवर! काय मागतेयस हे? आमच्या पोटावर पाय देतेस?”

मग पायरीवर बसून लमाईनं तिला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर केसोर्ननं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दोघी पाण्याकडं बघत बसल्या.

नाव दिसली तेव्हा लमाईला ती ओळखताच येईना. लाटेआड जायची, बराच वेळ दिसायची नाही, मग भलतीकडंच वर यायची. शेवटी नावेचं तोंड वाळूला लागलं. समरुआय कमरेएवढ्या पाण्यात उतरला, पोराला खांद्यावर घेऊन बाहेर आला, आणि मग त्याच्या आईबापांना एकेक करून हात दिला. त्या बाईचे ओठ पांढरे पडले होते. लमाई भिजलेल्या नवऱ्याला चारचौघांत जाऊन बिलगली.

“अगं, नुसता वारा होता,” तो म्हणाला, पण नावेचा दोर त्यानं दोनदा बांधला.

संध्याकाळ व्हायच्या आधीच वेधशाळेचा इशारा आला. सोंगक्रानची, म्हणजे नववर्षाची, सगळी सुट्टी समुद्र खवळलेला राहणार, किनारा बंद, नावा बंद. पहिली गाडी बदकवाल्यांचीच निघाली. मागोमाग बाकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्यांचे एकापाठोपाठ एक निरोप आले. समरुआय फोन हातात धरून ओट्यावर बसला होता.

“गेले,” तो म्हणाला. “खरंच सावरतंय असं वाटलं होतं गं. एका वाऱ्यासरशी सगळं गेलं. हे काय सावरणं झालं?”

“जेवून घ्या, पी,” लमाई म्हणाली. तिनं त्याच्या ताटात मासा वाढला, काटे काढून वाढला. किती दिवसांनी तिच्या घशाखाली घास सरळ उतरत होता. आपण गुणगुणतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ओशाळून गप्प झाली.

फाटकाची कडी वाजली. बाहेर केसोर्न उभी होती.

“पी रुआय जेवला?”

“जेवतोय. आत ये ना.”

“नको. माझ्याकडं येणारे सगळे नाही म्हणाले. रिसॉर्टवाल्यांनी पण कळवलं, इतक्यात मालिशवाली नको.” ती सावकाश बोलत होती, राग नव्हता आवाजात. “तुला एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू देवीला नेमकं काय बोललीस? शब्द सांग.”

“कशाला?”

“मी अंडीच बोलत आले. दर वर्षी आकडा वाढवत गेले. माझ्यासाठी कोणी आलं नाही. आले ते तुझ्या बोलण्यानं आले, आणि गेले तेही तुझ्याच बोलण्यानं.”

“वेडी आहेस का?” लमाई घाईघाईनं म्हणाली. “वारा होता तो. वेधशाळेनं सांगितलंय. उन्हाळ्यात येतंच असं वादळ.”

“दुपारी देवळात तुला नुसता वारा वाटला नव्हता.”

“केसोर्न, तू असलं काही बोलायचं नाहीस. तुला दोन पोरी आहेत.”

“आहेत ना. त्यांना काय घालू खायला, ते सांग.”

तिच्या मागं, दुकानाच्या उजेडात, दोन्ही मुली चटया गुंडाळत होत्या. धाकटीनं स्वतःलाच चटईत गुंडाळून घेतलं होतं आणि थोरली हसत तिला सोडवत होती. लमाईनं फाटकाच्या गजांतून हात घालून केसोर्नचं मनगट घट्ट धरलं. देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. खोल्या रिकाम्या होत्या.

“लमाई,” आतून समरुआयनं हाक मारली, “तुझा भात गार होतोय.”

केसोर्ननं एकेक बोट सोडवून मनगट मोकळं करून घेतलं. मुलींना तिनं दिवा मालवून दार लावून घ्यायला सांगितलं आणि ती देवळाच्या वाटेला लागली.